बायको सेंटरवर, मला टीबी: सहा महिन्यांची हकिगत

२०२६ च्या मार्चमध्ये, पाडव्याच्या आठवड्यात, माझा टीबीचा कोर्स पूर्ण झाला. वय एकाहत्तर, मधुमेह पंधरा-सोळा वर्षांचा, राहणार मुलुंड पूर्व, घरात एकटा. बायकोला अल्झायमर आहे. २०२३ च्या पावसाळ्यापासून ती कल्याणच्या पुढे एका डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) सेंटरमध्ये राहते. मूलबाळ नाही. जवळचे म्हणावेत असे दोघं: ठाण्याला राहणारा माझा भाचा आणि डोंबिवलीची मेहुणी.

आजार कळला तेव्हा मी रात्री जागून मोबाइलवर शोधत होतो. टीबीबद्दल मराठीत बरंच सापडलं, डिमेन्शियाबद्दलही सापडलं. पण टीबी झालेल्या नवऱ्यानं सेंटरमधल्या बायकोला कधी भेटायचं, तोवर तिच्या कागदांवर सह्या कोणी करायच्या, तिची पेन्शन चालू कशी ठेवायची, हे कुठे एकत्र मिळेना. म्हणून जे जसं घडलं ते लिहून ठेवतो.

खोकला आषाढात सुरू झाला. मुंबईत पावसाळ्यात कोण खोकत नाही? फॅमिली डॉक्टरांनी आधी सिरप दिलं, मग एक अँटिबायोटिक, मग दुसरं. औषध चालू असेपर्यंत जरा उतार, की पुन्हा येरे माझ्या मागल्या. पुढे छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं की काही अँटिबायोटिकं टीबीच्या जंतूंना थोडीफार दाबतात, त्यामुळे रोग तर जात नाहीच, निदान मात्र लांबतं. दोन आठवड्यांवर खोकला गेला असेल तर आपणच एक्स-रेचं नाव काढायचं, डॉक्टरांनी काढायची वाट बघायची नाही.

२७ ऑगस्टला गणपती बसले. आरती म्हणताना दुसऱ्या कडव्याला धाप लागली. संध्याकाळी कणकण यायची, पहाटे गंजी घामानं भिजलेली असायची. भाचा दर्शनाला आला होता, तो प्रसाद हातात घेऊन नुसता बघत राहिला. म्हणाला, "मामा, पँट कमरेवर राहत नाहीये तुमची. गौरी गेल्या की एक्स-रे."

एक्स-रेला ४५० रुपये पडले. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग होता. छातीच्या डॉक्टरांची फी १,२०० रुपये. त्यांनी चिठ्ठीवर 'सीबीनॅट' (थुंकीतले टीबीचे जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी) लिहिलं आणि वर म्हणाले, "बाहेर दोन-अडीच हजार घेतील. महापालिकेत फुकट होते, मशीन तेच." हे त्यांनी आपणहून सांगितलं म्हणून त्यांच्याबद्दल आदर वाटला.

थुंकीचे दोन नमुने लागतात, एक तिथल्या तिथे आणि एक दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या. सकाळच्या नमुन्याआधी नुसत्या पाण्यानं चूळ भरायची, पेस्ट लावायची नाही. तोंडातली लाळ उपयोगाची नसते. खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढावं लागतं, आणि ते खिडकीपाशी किंवा गच्चीवर मोकळ्या हवेत करायचं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. पहिली ओळ: टीबीचे जंतू आढळले. दुसरी ओळ: रिफॅम्पिसिनला (टीबीच्या मुख्य औषधाला) दाद न देणारे जंतू आढळले नाहीत. घाबरलेला माणूस पहिलीच ओळ वाचतो. माझ्या डॉक्टरांनी दुसरीखाली पेनानं रेघ मारून दिली. साधा टीबी, सहा महिन्यांत बरा होणारा.

मुंबईतल्या माझ्या वयाच्या माणसाला टीबी म्हटलं की पुढचा शब्द आठवतो तो शिवडी. मलाही वाटलं, आता शिवडीच्या इस्पितळात ठेवतात की काय. तसं काही नसतं. साध्या टीबीच्या बहुतेक रुग्णांना घरीच ठेवतात, आणि औषधं महापालिकेच्या दवाखान्यातून फुकट मिळतात.

दवाखान्यात आधार कार्ड आणि आधारशी जोडलेल्या खात्याचं पासबुक लागलं. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद होऊन एक आयडी मिळाला. शुगर आणि एचआयव्हीची तपासणी सगळ्यांचीच करतात, त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही. वजन ५६ किलो भरलं, आजाराआधी, २०२५ च्या मार्चमध्ये, ६३ होतं. गोळ्या वजनावर ठरतात. मला रोज चार, एकाच वेळी, उपाशीपोटी. पहिले दोन महिने प्रत्येक गोळीत चार औषधं एकत्र, पुढचे चार महिने तीन. आहारासाठी सरकार महिन्याला १,००० रुपये देतं (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते). पहिले ३,००० दिवाळीच्या सुमारास खात्यात आले. अंडी आणि शेंगदाण्याचे लाडू यांत गेले.

फॉर्म भरणाऱ्या टीबी हेल्थ व्हिजिटर ताई चाळिशीच्या आतल्या असतील. घरात कोण कोण, असं त्यांनी विचारलं.

"एकटाच."

"मिसेस?"

"आहेत. सेंटरला असतात."

त्यांचं पेन थांबलं. "काका, किती वेळा जाता भेटायला?"

बुधवार आणि रविवार. गेलो की तिला मीच भरवायचो, एक-दीड तास अगदी तोंडासमोर बसून. ताईंनी हिचं नाव संपर्कातल्या माणसांच्या रकान्यात लिहिलं. म्हणजे मला झालेला आजार तिच्याही कागदावर गेला, आणि त्या क्षणी माझ्या पोटात खड्डा पडला. स्वतःचा रिपोर्ट वाचताना तसं झालं नव्हतं.

त्याच संध्याकाळी सेंटरला फोन केला. लपवण्याचा प्रश्नच नव्हता, तिथे वीसेक म्हातारी माणसं एका हॉलमध्ये बसतात. मॅनेजर बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "काका, निगेटिव्ह रिपोर्ट येईपर्यंत तुम्ही येऊ नका." मी सांगून पाहिलं, की नीट औषध चालू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका फार उतरतो असं डॉक्टर म्हणतात. त्यांचं म्हणणं, आम्हाला कागद लागतो. थुंकीची पुढची तपासणी दोन महिने पूर्ण झाल्यावर असते, म्हणजे थेट नोव्हेंबरचा मध्य. राग आला होता, पण त्यांच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. न पटलेली गोष्ट दुसरी. दुसऱ्या दिवशी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप पडला: 'एका नातेवाइकांना टीबी झाल्याचे कळले आहे, काळजी नसावी.' नाव नव्हतं. पण बुधवार-रविवार न चुकता येणारा म्हातारा अचानक दिसेनासा झाला तर लोक दोन आणि दोन जोडतातच. एका गृहस्थांनी आमच्या हिच्या कपाचं काय करणार, असं विचारलं म्हणे. कपबशीतून, कपड्यांतून टीबी होत नाही. तो खोकल्या-शिंकल्यातून हवेत जातो आणि श्वासावाटे आत शिरतो. हे ग्रुपवर लिहावंसं वाटलं, पण तो वाद नको म्हणून फोन उशीखाली ठेवून दिला.

हिची तपासणी हा वेगळाच घोळ झाला. मी महापालिकेच्या हद्दीत, ती हद्दीबाहेर. ताईंनी नोंद पुढे पाठवली, तिथून 'माणूस येईल' असं उत्तर आलं. थोडे दिवस वाट पाहिली आणि शेवटी मेहुणीनं घरी येऊन एक्स-रे काढणाऱ्या खासगी माणसाला सेंटरवर बोलावलं. १,८०० रुपये. डिमेन्शियाच्या माणसाचा छातीचा एक्स-रे म्हणजे काय ते मेहुणीनं रात्री फोनवर सांगितलं. तो मुलगा म्हणतोय, "आजी, श्वास रोखून धरा." ही त्याला म्हणतेय, "आधी रांगेत उभा राहा." तीस वर्षं अनुदानित शाळेत तिसरी-चौथी शिकवलेली बाई आहे. शेवटी मेहुणीनं स्वतःच तिच्यासमोर गाल फुगवून दाखवले, हिनं नक्कल केली, तेवढ्यात त्यानं बटण दाबलं. फिल्म साफ आली.

संपर्कातल्या माणसाला टीबी नाही असं ठरल्यावर तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध देतात. ते हिला द्यायचं का, यावर माझे डॉक्टर आणि तिचे डॉक्टर फोनवर बोलले. तिचं वजन, यकृताचे रिपोर्ट आणि आधीची औषधं बघून त्यांनी तूर्त न देता लक्ष ठेवायचं ठरवलं: दर महिन्याला वजन, आणि खोकला किंवा ताप आला तर लगेच कळवायचं. हा निर्णय तिच्यापुरता. तुमच्याकडे अशी वेळ आली तर विषय आपण काढा.

माझ्या गोळ्यांबद्दल थोडं. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी झाली. ताईंनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही. मळमळ मात्र पहिले तीन-चार आठवडे होती, सकाळी चहाचा वाससुद्धा नको व्हायचा. गोळ्या घेतल्यावर थोडा वेळ काही न खाता पडून राहायचं आणि मग मऊ भात, एवढं मला मानवलं. गुडघे आणि पायाचे अंगठे दुखायचे. त्या चारांपैकी एका औषधानं युरिक अ‍ॅसिड वाढतं. दुसऱ्या एकानं नजरेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून लाल-हिरवा रंग नीट दिसतोय ना, हे बघत राहायला सांगितलं होतं. मी रोज खिडकीतून समोरच्या मेडिकलची पाटी वाचायचो.

मधुमेहींनी हे मात्र नीट वाचा. रिफॅम्पिसिनमुळे शुगरच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो. माझी उपाशीपोटीची शुगर कधी नव्हे ती २४० वर गेली आणि महिनाभरात रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं. टीबीची गोळी सुरू करताना आपण घेतो त्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवायची. यकृताची तपासणी ६०० रुपयांना, ती अधूनमधून करून घेतली.

कामवाल्या बाईंना खरं सांगितलं. त्यांच्या घरी लहान नातू, त्या महिनाभर आल्या नाहीत. पगार दिला. डबेवाल्या काकू दाराबाहेर स्टुलावर डबा ठेवून बेल वाजवायच्या आणि जिन्यावरून ओरडायच्या, "काका, गरम आहे तोवर खा हो!" दोन खिडक्या दिवसरात्र उघड्या. पावसाची झड आत आली तरी उघड्याच.

नवरात्रात, एका रात्री साडेअकराला सेंटरचा फोन. ही बाथरूममध्ये पडली, कपाळाला खोक पडली, जवळच्या हॉस्पिटलला नेतोय, सीटी स्कॅन करावं लागेल, कोणीतरी या. मला त्या दिवशी ताप होता, आणि ताप नसता तरी जाता येत नव्हतं. भाचा ठाण्याहून निघाला. हॉस्पिटलमध्ये त्याला विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?" "मामी आहे माझी." "म्हणजे रक्ताचं नातं नाही." सेंटरच्या फॉर्मवर आपत्कालीन संपर्काच्या दोन जागा असतात. एकीवर मी, दुसरीवर हिचे थोरले भाऊ. ते २०२४ मध्ये वारले. भाच्याचं नाव कुठेच नव्हतं. मी फोनवर बोललो, साध्या कागदावर 'माझ्या पत्नीच्या उपचारांबाबत माझ्या वतीने संमती देण्यास' असं पत्र लिहून, सही करून, आधारसोबत त्याचा फोटो पाठवला, तेव्हा सीटी झालं. मेंदूत रक्तस्राव नव्हता, कपाळाला टाके पडले. रात्रीचे तीन वाजले होते. बिल ९,४०० रुपये.

त्यानंतरच्या आठवड्यात, बरं वाटेल त्या वेळी टेबलाशी बसून मी एक फाइल केली. तीत आमच्या दोघांची आधार आणि पॅन, तिची रोजची औषधं वेळांसकट, तिला काय चालत नाही (एका झोपेच्या गोळीनं ती दिवसभर बधिर होते, ती कोणी पुन्हा देऊ नये), मेंदूच्या डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी, जुन्या एमआरआयचा रिपोर्ट, सेंटरचा करार, आणि भाचा व मेहुणी दोघांच्या नावाचं अधिकारपत्र. एक प्रत सेंटरला, एक भाच्याकडे, एक मेहुणीकडे, आणि सगळ्याची पीडीएफ तिघांच्या फोनवर. सेंटरच्या फॉर्मवर दुसऱ्या जागेत भाच्याचं नाव घालून घेतलं आणि पोच घेतली. पोच घ्याच. सेंटरमधली माणसं बदलत असतात.

वकिलांकडेही विचारलं, कारण हिच्या एकटीच्या नावावर एक एफडी आहे. मला वाटायचं कुलमुखत्यारपत्र केलं की झालं. वकील म्हणाले, ज्या माणसाला आपण कशावर सही करतोय ते समजत नाही त्याचं मुखत्यारपत्र टिकत नाही, आणि पूर्वी केलेलं असलं तरी माणसाची समज गेली की भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार तेही संपतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात डिमेन्शिया येत नाही. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली याचिका करावी लागते. होतं ते काम, पण मेडिकल बोर्ड, प्रतिज्ञापत्रं, वकिलाची फी. त्या एफडीवर आमचं काही अडलेलं नाही, ती आपोआप नूतनीकरण होत राहते, म्हणून मी तूर्त त्या वाटेला गेलो नाही. ज्यांच्याकडे निदान नुकतंच झालंय आणि माणूस अजून समजून सही करू शकतो, त्यांनी बँकेची कामं याच महिन्यात उरकावीत.

वकिलांनीच दुसरी एक गोष्ट दाखवली जी इतकी वर्षं डोळ्यांसमोर होती. माझ्या प्रत्येक खात्यावर, एफडीवर, सोसायटीच्या भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) नॉमिनी कोण? हीच. उद्या माझं काही झालं तर सगळं काही जिला मिळणार तिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, आणि सेंटरची फी पुढच्या महिन्यात कोण भरणार? १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. बँकेत भाच्याचं नाव जोडलं. सोसायटीत परिशिष्ट १४ चा फॉर्म तीन प्रतींत, आधीचं नामांकन बदलायला १०० रुपये. सेक्रेटरी साहेब दारातूनच, मास्क लावून, फॉर्म घेऊन गेले. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो नुसता ताबा घेणारा. त्यामुळे मृत्युपत्रही केलं. त्याला स्टॅम्प ड्युटी लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र लागतात. त्यात लिहिलं की पैशांतून आधी हिच्या सेंटरचा आणि औषधांचा खर्च, ती असेपर्यंत. मग उरेल ते इतरांना. फी दर महिन्याच्या ३ तारखेला माझ्या खात्यातून आपोआप जावी अशी सूचना बँकेला दिली. सेंटरची फी ३६,०००, डायपर आणि औषधं मिळून आणखी सात-आठ हजार. हिची पेन्शन आणि माझ्या ठेवींचं व्याज यांत कसंबसं बसतं.

मधल्या काळात भेट म्हणजे फोन. व्हिडिओ कॉलचा तिला उपयोग नाही. ती स्क्रीन उलटी करून मागे माणूस कुठे बसलाय ते बघते. मग तिथल्या मावशींनी युक्ती काढली. दुपारी चारच्या सुमारास, ती अस्वस्थ व्हायच्या आधी, फोन स्पीकरवर टाकून तिच्या मांडीवर ठेवायचा, व्हिडिओ नाही. एके दिवशी तिनं हजेरी घ्यायला सुरुवात केली. कुठल्या वर्षीचा वर्ग कोण जाणे, पण आडनावं सलग, अडखळणं नाही. मी एका नावाला "हजर, बाई" म्हटलं. क्षणभर शांतता. मग, "उशिरा का आलास?" पुढे बहुतेक दिवस आमचा हाच कार्यक्रम. कधी मी अर्ध्या वर्गाचा हजर व्हायचो. ती मला ओळखत होती का? आधीही ती मला पालक समजायची. "तुमचा मुलगा कुठल्या तुकडीत?" असं प्रत्यक्ष भेटीतही विचारायची. तेव्हा या दोन महिन्यांत माझी ओळख पुसली जाईल ही जी भीती मला खात होती, तीत फार दम नव्हता, हे हळूहळू कळलं.

दिवाळीत भाचा फराळ घेऊन गेला. चकली तिच्या घशात अडकते म्हणून बेसनाचे लाडू, तेही कुस्करून दुधात. भाऊबीजेला मेहुणीनंच तिला ओवाळलं.

मग नोव्हेंबर, म्हणजे हयातीचा दाखला. हिची पेन्शन मुंबईच्या अधिदान व लेखा कार्यालयामार्फत येते. २०२४ मध्ये तिला गाडी करून बँकेत नेलं होतं. गर्दी बघून ती घाबरली, काउंटरवर बसेचना, आणि यादीवर अंगठा घेता घेता सगळी शाई माझ्या शर्टाला. या वेळी चेहऱ्याच्या ओळखीवर चालणारं जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, करायचं ठरलं. फोनवर दोन अ‍ॅप लागतात, एक आधारचं फेस आरडी आणि एक जीवन प्रमाण. आधी ऑपरेटर म्हणून कोणाही आधारधारकाचा चेहरा नोंदवायचा, तो भाच्यानं स्वतःचा नोंदवला. मग पेन्शनरचा आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर, खाते क्रमांक, पेन्शन कुठून मिळते ते. ओटीपी माझ्या मोबाइलवर येणार, म्हणून मी मुलुंडला फोन कानाला लावून बसलेलो.

अडचण पुढे. अ‍ॅपला डोळ्यांची उघडझाप दिसावी लागते. तिला "डोळे मिट" म्हटलं तर ती टक लावून बघायची. भाचा म्हणायचा, "मामी, अशी, अशी," आणि स्वतः डोळे मिचकवायचा, ती त्याला हसायची, हसताना मान हलायची, की चेहरा वर्तुळाबाहेर. वेळ संपायची, पुन्हा पहिल्यापासून. तिला भिंतीकडे पाठ करून बसवलं, खिडकीचा उजेड तोंडावर घेतला, चष्मा काढला. तरी नाही. अखेर मावशी शेजारी खाली बसल्या आणि बाजूनं तिच्या चेहऱ्यावर हलकी फुंकर मारली. डोळे मिटले, उघडले, वर्तुळ हिरवं झालं. मी इकडे ओटीपी ओरडून ठेवला होताच. दाखला तयार झाल्याचा मेसेज आला तेव्हा तिकडे तिघंही टाळ्या वाजवत होती, हीसुद्धा.

दाखला तयार होणं आणि तो स्वीकारला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखल्याचा क्रमांक (प्रमाण आयडी) टाकून वेबसाइटवर स्थिती बघत राहावी लागते. अ‍ॅप जमतच नसेल तर बँकेशी बोला. ७० वर्षांवरच्या आणि आजारी ग्राहकांना हयातीच्या दाखल्यासकट काही सेवा घरपोच द्याव्यात असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे.

नोव्हेंबरच्या मध्यावर दोन महिन्यांची थुंकी तपासली. निगेटिव्ह. रिपोर्टची प्रत आणि छातीच्या डॉक्टरांचं पत्र सेंटरला पाठवलं, आणि पुढच्या रविवारी गेलो. पहिला महिना भेट अंगणात, मास्क लावून, भरवायचं नाही, असं ठरलं होतं. मावशी तिला धरून घेऊन आल्या. कपाळावरची खूण पिवळट झाली होती. ती बाकावर बसली, माझ्या मास्ककडे बघितलं आणि मावशींना विचारलं, "डॉक्टर आलेत का?" मी म्हटलं, "हजर, बाई." तिनं माझ्याकडे नीट वळून पाहिलं. "किती वाळलास रे," म्हणाली. मला म्हणाली की त्या वर्गातल्या कुणाला, ते विचारलं नाही. त्या दिवशी हवा छान होती, तासभर बसलो.

पुढचे चार महिने फार सांगण्यासारखे नाहीत. गोळ्या अंगवळणी पडल्या. वजन ६१ वर आलं. मधेच बरं वाटायला लागतं आणि गोळ्या सोडाव्याशा वाटतात, तोच धोक्याचा काळ, असं ताई दर वेळी बजावायच्या. त्या महिन्यातून एकदा येऊन रिकामी पाकिटं बघून जायच्या. जानेवारीपासून हिला पुन्हा भरवायला लागलो. पाडव्याच्या आठवड्यात शेवटची गोळी घेतली, शेवटची थुंकी निगेटिव्ह आली. इन्सुलिन बंद होऊन जुन्या गोळ्यांवर परत यायला आणखी थोडे दिवस लागले, कारण रिफॅम्पिसिन थांबलं की शुगर उलटी खाली येऊ लागते. तेव्हा रोज सकाळी तपासायची.

टीबीच्या औषधांना शून्य रुपये. डॉक्टर, तपासण्या, एक्स-रे, इन्सुलिन आणि डबा धरून सहा महिन्यांत माझे साठेक हजार गेले, त्यातला मोठा भाग डब्याचा. मेडिक्लेमचा उपयोग झाला नाही, कारण अ‍ॅडमिट झालो नव्हतो. कुणाला टीबीबद्दल शंका असतील तर निक्षयची हेल्पलाइन १८००-११-६६६६, आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७. दोन्हीकडे मराठीत बोलायला माणूस मिळाला.

मेहुणी या काळात दर बुधवारी जात होती, ती सवय तिला लागली आणि हिलाही. त्यामुळे बुधवार आता तिच्याकडेच आहे, मी रविवारी जातो. थुंकीची तपासणी पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी करायची आहे, पहिली सप्टेंबरमध्ये. सेंटरनं प्रत्येक रिपोर्टची प्रत मागितली आहे. देणार आहे.